सहलीला निघताना : अंदमानला जाताय? एक दिवस कोरा ठेवा

दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या, की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. एके काळी 'काळे पाणी' म्हणून ज्याचे नाव घ्यायलाही माणसे कचरत, ते अंदमान आता या बेतांत हमखास असते. विमानाची सोय वाढली आहे, हॉटेले झाली आहेत आणि केंद्र सरकारी नोकरांना एलटीसीवर विमानाने तेथे जाण्याची खास सवलतही वेळोवेळी मिळत आली आहे. त्यामुळे पुण्या-नागपूरपासून इंदूर-बडोद्यापर्यंतची मराठी कुटुंबे दर वर्षी तेथे जातात.

परत आलेल्यांत दोन तऱ्हेची माणसे भेटतात. काही जण निळ्या पाण्याचे आणि पांढऱ्या वाळूचे वर्णन करताना थकत नाहीत. काही जण मात्र कपाळाला आठ्या घालून सांगतात, की बोट रद्द झाली, विमान चुकले आणि नव्या तिकिटांत सगळा हिशेब कोलमडला. दोघांनी पाहिलेली बेटे तीच असतात, खर्चही बहुधा तेवढाच. फरक असतो तो बेत आखण्यात. अंदमानात समुद्राच्या मर्जीपुढे कोणाचे चालत नाही. त्याच्यासाठी एक दिवस आधीच बाजूला काढून ठेवला, तर बाकीचे दिवस सहसा सुखात जातात.

आधी नकाशा पाहावा

अंदमान आणि निकोबार हा बंगालच्या उपसागरातील बेटांचा लांबलचक पट्टा आहे. लहानमोठी बेटे व खडक धरून संख्या पाचशेच्या वर जाते. पण मनुष्यवस्ती तीसएक बेटांवरच आहे. एकूण क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ३ लाख ८० हजार. ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग जंगलाखाली आहे. चेन्नई आणि कोलकाता ही दोन्ही शहरे येथून सुमारे १,२०० किलोमीटर दूर आहेत.

पर्यटकांचा वावर असतो तो फक्त अंदमानात, आणि त्यातही ठरावीक बेटांवर. निकोबार आदिवासींसाठी राखीव असून तेथे जाण्यास खास परवाना लागतो. तो हौसेच्या सहलीसाठी सहसा मिळत नाही. अंदमानच्या नेहमीच्या ठिकाणांसाठी भारतीय नागरिकाला वेगळा परवाना लागत नाही. मात्र प्रत्येकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ हवे. बोटीच्या तिकिटापासून हॉटेलपर्यंत सगळीकडे ते मागितले जाते. मुलांची आधार कार्डे घरी विसरू नयेत.

नावे बदलली, ठिकाणे तीच

जुन्या प्रवासवर्णनांतली नावे घेऊन जाणाऱ्यांचा गोंधळ होऊ शकतो. ३० डिसेंबर २०१८ रोजी तीन बेटांची नावे बदलली. हॅवलॉकचे स्वराज द्वीप झाले, नीलचे शहीद द्वीप आणि रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ही तारीख मुद्दाम निवडली होती, कारण ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला होता. २०२१ मध्ये माउंट हॅरिएटचे माउंट मणिपूर झाले. १८९१ च्या इंग्रज-मणिपूर युद्धानंतर मणिपूरच्या राजबंद्यांना तेथे ठेवले होते. जानेवारी २०२३ मध्ये एकवीस बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावे देण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये खुद्द पोर्ट ब्लेअरचे नाव 'श्री विजयपुरम' करण्याची घोषणा झाली.

तिकिटांवर कधी जुने नाव दिसते, कधी नवे. रिक्षावाले आणि दुकानदार बोलण्यात अजून हॅवलॉक, नील आणि पोर्ट ब्लेअर असेच म्हणतात. त्यामुळे दोन्ही नावे लिहून ठेवावीत. एक बेट दोनदा आरक्षित करण्याचा प्रसंग त्यामुळे टळेल.

जायचे कसे आणि केव्हा

मुंबई-पुण्याकडील प्रवासी बहुधा चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू किंवा हैदराबाद येथे विमान बदलतात. चेन्नई किंवा कोलकात्याहून पुढचा प्रवास दोन-सव्वादोन तासांचा. वीर सावरकर विमानतळाच्या शिंपल्याच्या आकाराच्या नव्या इमारतीचे उद्घाटन १८ जुलै २०२३ रोजी झाले आणि जुन्या इमारतीतील दाटीवाटी संपली. धावपट्टी नौदलाची आहे, म्हणून फोटो काढण्याआधी फलक वाचावेत.

हातात वेळ असेल, तर चेन्नई, कोलकाता व विशाखापट्टणमहून प्रवासी जहाजानेही जाता येते. या प्रवासाला सुमारे तीन दिवस लागतात आणि फेऱ्या मोजक्याच असतात. मुलांना अथांग समुद्र म्हणजे काय ते कळेल. पण ज्यांना बोट लागते त्यांनी हा विचार सोडून द्यावा.

नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी वारे येतात आणि ते ओसरले की ईशान्येकडचे सुरू होतात. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मेच्या सुट्टीत जायचे असेल, तर महिन्याच्या सुरुवातीलाच जाऊन यावे.

दिवस लवकर उजाडतो

अंदमान मुंबईच्या खूप पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळे डिसेंबरातही सहाच्या आधी उजाडते आणि संध्याकाळी पाच वाजून गेले की सूर्य बुडतो. 'दुपारी जरा आडवे होऊ आणि साडेपाचला किनाऱ्यावर जाऊ' असे म्हणणाऱ्यांच्या वाट्याला अंधार येतो. सकाळी सहाला बाहेर पडावे, दुपारचे ऊन टाळावे आणि सूर्यास्त पाहायचा असेल तर चारलाच निघावे. लहान मुलांना ही सवय लागायला एक दिवस जातो, तोही हिशेबात धरावा.

सेल्युलर जेल : निवांतपणे पाहावे

मराठी माणसाचे पाय पोर्ट ब्लेअरमध्ये आधी सेल्युलर जेलकडे वळतात. १८५७ च्या उठावानंतर, १८५८ च्या मार्चमध्ये कैद्यांची पहिली तुकडी येथे आणली गेली. जेल मात्र नंतरचे. १८९६ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १९०६ मध्ये संपले. मधला मनोरा आणि त्याला जोडलेल्या सात लांब इमारती अशी मूळ रचना होती. सुमारे सातशे कोठड्या होत्या, प्रत्येकीत एकच कैदी. एका रांगेच्या कोठड्यांची दारे समोरच्या रांगेच्या पाठभिंतीकडे उघडत, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसू नये. आता तीनच इमारती उभ्या आहेत. पाडलेल्या भागाच्या जागी गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी या वास्तूला राष्ट्रीय स्मारक घोषित करण्यात आले.

स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ येथे होते. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्याही आधीपासून. कोलूला जुंपलेल्या कैद्याला दिवसाकाठी तीस पौंड तेल काढावे लागे. हे मुलांना नुसते सांगून कळत नाही. आवारातल्या कोलूजवळ उभे केले म्हणजे कळते. एक गैरसमजही येथेच दूर करावा. सागराला उद्देशून लिहिलेले सावरकरांचे प्रसिद्ध गीत अंदमानात नव्हे, तर १९०९ साली इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचले होते.

जेल पाहायला दोन-अडीच तास हवेत. जिने उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना खालची कोठडी, कोलू आणि फाशीघर दाखवून अंगणात सावलीला बसवावे. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटे सुट्टीच्या दिवसांत लवकर संपतात. शहरातली काही संग्रहालये सोमवारी बंद असतात. वेळा बदलत राहतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी.

शहरात आणखीही पाहण्यासारखे आहे. १८८३ मध्ये सुरू झालेली चॅथमची लाकूड गिरणी, नौदलाचे 'समुद्रिका' आणि आदिवासी जीवनाची ओळख करून देणारे मानववंशशास्त्र संग्रहालय. इंग्रजांची राजधानी असलेले रॉस बेट १९४१ च्या भूकंपानंतर आणि १९४२ मधील जपानी ताब्यानंतर ओस पडले. तेथील भिंतींना वडाच्या मुळांनी कवळा घातला आहे. माउंट मणिपूरवर जाताना घरातली जुनी लाल रंगाची वीस रुपयांची नोट जवळ ठेवावी. तिच्या मागे छापलेले माडांचे आणि समुद्राचे दृश्य तेथूनच दिसते. २०१९ च्या नव्या नोटेवर त्याची जागा आपल्या वेरूळच्या लेण्यांनी घेतली आहे.

बोटीचे गणित

आता मुख्य गोष्ट. स्वराज द्वीप आणि शहीद द्वीपला विमानतळ नाही, पूल नाही. जायचे ते बोटीने. सरकारी बोटी फिनिक्स बे धक्क्यावरून सुटतात आणि स्वराज द्वीपला अडीच तासांच्या आसपास वेळ घेतात. खासगी वेगवान बोटी दीड तासात पोचवतात, पण भाडे बरेच जास्त. दोन्हींची तिकिटे नाताळच्या सुमारास लवकर संपतात. म्हणून आधी विमान, मग बोट आणि शेवटी हॉटेल असा क्रम ठेवावा. हॉटेल ठरवून बोट शोधणारे अडचणीत येतात.

ही बोट पर्यटकासाठी सहल असली, तरी बेटावरच्या माणसासाठी ती आपल्याकडच्या एस.टी.सारखी आहे. मोठ्या रुग्णालयात जायचे, कचेरीत कागद द्यायचा, शहीद द्वीपची भाजी बाजारात न्यायची, सगळे तिच्यावर. सरकारी बोटीत स्थानिकांना झुकते माप मिळाले, तर त्यावरून खिडकीशी हुज्जत घालू नये.

आणि ही बोट रद्द होते. वारा वाढला, कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की बंदराकडून मनाईचा इशारा येतो आणि सगळ्या बोटी धक्क्याला बांधल्या जातात. डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे ऐन हंगामात, वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नील या बेटांवर चौदाशेहून अधिक पर्यटक काही दिवस अडकून पडले होते. नौदल, तटरक्षक दल आणि प्रशासनाने जहाजे व हेलिकॉप्टरे लावून त्यांना परत आणले. असे वादळ दर वर्षी येत नाही. पण अर्ध्या दिवसाचा उशीर, फेरीची वेळ बदलणे, दुपारची बोट दुसऱ्या सकाळी जाणे हे नित्याचे आहे.

यात नुकसान कोणाचे होते? जे लोक पहिले दोन-तीन दिवस पोर्ट ब्लेअर पाहतात, बेटे शेवटी ठेवतात आणि सकाळच्या बोटीने परतून दुपारच्याच विमानाने निघण्याचा बेत करतात, त्यांचे. बोट चार तास उशिरा आली, तरी त्यांचे विमान गेलेले असते. घरातली चार तिकिटे ऐनवेळी काढायची म्हणजे वर्षभराची बचत गेली. उलट जे पोचल्यावर लगेच बेटांवर जातात आणि पोर्ट ब्लेअरचे उरलेले पाहणे शेवटच्या दिवसावर ठेवतात, त्यांची बोट एक दिवस उशिरा आली, तरी फार तर एखादे संग्रहालय राहून जाते. दिवस तेवढेच आणि खर्चही तोच, नुसता क्रम बदलायचा.

बोट लागणाऱ्यांनी निघण्यापूर्वी पोट रिकामे ठेवू नये आणि ठासूनही भरू नये. डॉक्टरांना विचारून आणलेली गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. बोटीच्या मध्यभागी बसावे, मोबाइलमध्ये डोके घालू नये आणि दूर क्षितिजाकडे पाहावे. आले किंवा आवळकाठी तोंडात ठेवली की अनेकांना बरे वाटते.

भरती-ओहोटी विचारून घ्यावी

स्वराज द्वीपवरचा राधानगर किनारा २००४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने आशियातील सर्वोत्तम ठरवला, तेव्हापासून सर्वांच्या यादीत आहे. २०२० मध्ये त्याला स्वच्छ किनाऱ्यांसाठी दिले जाणारे 'ब्लू फ्लॅग' मानांकनही मिळाले. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर ही येथील गावांची नावे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने येथे वसवले. त्यामुळे वातावरण बंगाली आहे, पण हिंदी सगळीकडे चालते. शाकाहारी माणसाचीही उपासमार होत नाही; दाक्षिणात्य पदार्थ, भाजी-पोळी आणि डाळ-भात मिळतो.

शहीद द्वीप त्याहून लहान आणि शांत. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर प्रवाळखडकाची नैसर्गिक कमान आहे. तेथे ओहोटीलाच जाता येते. भरतीच्या वेळी पोचलेल्यांना लांबून पाहून परतावे लागते आणि गाडीभाडे वाया जाते. कोकणातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, पण विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्यांनी लक्षात ठेवावे : भरती-ओहोटी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप ओसरतेही. ओसरलेल्या पाण्यात खळग्यांतून समुद्रकाकडी, खेकडे, लहान मासे मुलांना दिसतात. दुसऱ्या दिवशीची ओहोटी कधी आहे, हे हॉटेलवाल्याला रात्रीच विचारावे आणि गाडी त्याप्रमाणे सांगावी. खडक धारदार असतात, तेव्हा पायात पट्ट्याच्या चपला हव्यात. जिवंत प्रवाळावर पाय देऊ नये.

पाण्यात उतरताना

अंदमानच्या खाड्यांत आणि खारफुटीत खाऱ्या पाण्यातली मगर असते. एप्रिल २०१० मध्ये राधानगरजवळच्या निळ्या खाडीत पोहणाऱ्या एका अमेरिकन तरुणीचा मगरीने बळी घेतला. तेव्हापासून दक्षता वाढली आहे. जेथे मनाईचा फलक आहे तेथे 'गुडघाभर पाण्यात काय होते' असे म्हणू नये. जीवरक्षक सांगेल त्या पट्ट्यातच उतरावे आणि अंधार पडल्यावर उतरूच नये.

२६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची एक बोट उलटून वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. म्हणून लहान बोटीत बसताना आधी माणसे मोजावीत, लाइफ जॅकेट नुसते गळ्यात न अडकवता पट्टे बांधून घ्यावे आणि मुलांसाठी त्यांच्या मापाचे मागावे. नसेल, तर दुसरी बोट घ्यावी. 'आता पैसे भरले आहेत' या विचाराने जीव धोक्यात घालू नये.

पाण्याखाली जाऊन प्रवाळ पाहण्याची हौस आता पन्नाशीतली माणसेही करतात. दमा, हृदयविकार किंवा कानाचे दुखणे असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय जाऊ नये. दाबलेल्या हवेच्या टाकीसह खोल पाण्यात गेल्यावर अठरा ते चोवीस तास विमानात बसू नये, कारण रक्तात विरघळलेला वायू बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. परतीच्या आदला दिवस मोकळा ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये स्थापन झाले. जॉली बॉय आणि रेड स्किन ही त्यातली बेटे हंगामानुसार आळीपाळीने खुली असतात. काचेच्या तळाच्या बोटीतून, न पोहताही, प्रवाळ पाहता येतात. तेथे प्लॅस्टिकला मज्जाव आहे आणि सामान तपासले जाते. या तपासणीला कंटाळू नये. २०१० मध्ये समुद्राचे पाणी तापल्यामुळे येथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, ती जिवांची वसाहत आहे आणि ती फार सावकाश वाढते. किनाऱ्यावर सापडलेला तुकडाही आठवण म्हणून आणणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. विमानतळावर सामानात तो दिसतोच. शंख-शिंपल्यांच्या वस्तू घ्यायच्या, तर सरकारी 'सागरिका' दुकानातून घ्याव्यात आणि पावती जपून ठेवावी.

बारातांगला जायचेच का?

चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी आणि खारफुटीतली बोटीची फेरी यांमुळे बारातांगची एक दिवसाची सहल बहुतेक पॅकेजमध्ये असते. तेथे जाणारा अंदमान ट्रंक रोड जिरकाटांग ते मिडल स्ट्रेट असा सुमारे पन्नास किलोमीटर जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरावीक वेळीच आणि पोलिसांसोबत ताफ्याने सोडल्या जातात. पहाटेचा ताफा गाठायला रात्री तीन-साडेतीनला उठावे लागते.

जारवांची संख्या २०११ च्या जनगणनेत चारशेच्याही खाली होती. १९९७-९८ पर्यंत ते बाहेरच्यांपासून दूरच राहिले. संपर्क वाढताच १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली आणि २००६ मध्ये पुन्हा आली. आपल्याकडे लहान मुलाला येऊन जाणारा गोवर त्यांच्यासारख्या छोट्या समाजाला संपवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये या रस्त्याचा राखीव जंगलातील भाग बंद करण्याचा आदेश दिला होता, तरी वाहतूक चालू राहिली. जानेवारी २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना खाऊचे आमिष दाखवून पर्यटकांसमोर नाचवल्याचे चित्रीकरण जगापुढे आले आणि देशाची मान खाली गेली. त्याच वर्षी कायदा कडक झाला. थांबणे, फोटो काढणे, खाऊ वा कपडे देणे यांसाठी आता तुरुंगवास होऊ शकतो.

ज्यांना जायचे आहे त्यांनी काचा बंद ठेवाव्यात, मोबाइल पिशवीत ठेवावा आणि मुलांना आधीच समजावून सांगावे, की ही माणसांची वस्ती आहे, प्राणिसंग्रहालय नव्हे. 'जारवा दाखवतो' असे सांगणाऱ्या चालकाची गाडीच घेऊ नये. समुद्रमार्गाने जाण्याची सोय त्या वेळी आहे का, हे पर्यटन कार्यालयात विचारावे. पण ज्यांच्याकडे सहा-सातच दिवस आहेत, त्यांनी ही सहल सरळ वगळली तरी काही बिघडत नाही. पहाटेची झोप वाचते, बराच खर्च वाचतो, जंगलातली एक गाडी कमी होते आणि कोरा दिवस आपोआप हाताशी येतो.

पाणी, पैसा आणि औषधे

पोर्ट ब्लेअरची मुख्य भिस्त धनीखाडी धरणावर आहे. भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात शहरात पाणीटंचाई होते. समुद्राने वेढलेल्या गावात पिण्याचे पाणी मोजून मिळते, हे दुष्काळी भागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. हॉटेलात बादली-तांब्याने आंघोळ करण्यात कमीपणा मानू नये. पिण्यासाठी स्टीलच्या बाटल्या घरून न्याव्यात.

१० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल सुरू झाली आणि मोबाइल व इंटरनेटची स्थिती सुधारली. तरीही लहान बेटांवर जोडणी जाते. त्यामुळे सगळे पैसे मोबाइलमध्ये ठेवू नयेत. दोन दिवस पुरतील एवढे रोख जवळ असावेत. बोटीची आणि हॉटेलची कागदी प्रतही ठेवावी. नेहमीची औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा चार दिवसांची जास्त घ्यावीत, कारण बोट थांबली की औषधेही थांबतात. वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्यासाठी मलम आणि सैल पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. छत्री नोव्हेंबरातही लागते.

सात दिवसांचा एक बेत

पहिला दिवस : आगमन, विश्रांती, दुपारी सेल्युलर जेल व संध्याकाळी ध्वनिप्रकाश कार्यक्रम.

दुसरा दिवस : सकाळच्या बोटीने स्वराज द्वीप. चारच्या आत राधानगर.

तिसरा दिवस : सकाळी प्रवाळ पाहणे किंवा पोहणे. दुपारी आराम.

चौथा दिवस : बोटीने शहीद द्वीप. लक्ष्मणपूरला सूर्यास्त.

पाचवा दिवस : ओहोटीच्या वेळेनुसार नैसर्गिक कमान, मग मिळेल त्या बोटीने पोर्ट ब्लेअर.

सहावा दिवस : कोरा. बोट वेळेवर आली असेल, तर नेताजी द्वीप आणि चॅथम, किंवा वंडूर. नसेल, तर हाच दिवस परतण्यासाठी.

सातवा दिवस : परतीचे विमान.

प्रवास कंपनीबरोबर जाणाऱ्यांनीही कार्यक्रमपत्रिका हातात आली, की दोन गोष्टी विचाराव्यात. बेटावरून परतल्यावर विमानाआधी पोर्ट ब्लेअरमध्ये निदान एक रात्र आहे का, आणि बोट रद्द झाल्यास राहण्या-जेवणाचा खर्च कोणाचा? उत्तर लेखी घ्यावे. ते द्यायला टाळाटाळ झाली, तर आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी दुसरीकडे चौकशी करावी. सहाव्या दिवशी समुद्र शांत असला, तर पाहायला वंडूरचे प्रवाळ आहेतच. आणि नसला, तरी घरचे सगळे एकत्र आहेत आणि परतीचे तिकीट शाबूत आहे.